गणपतीत चौकात कोणता सिनेमा लावू? (आणि आमच्या दादाबद्दल थोडं)

गिरणाकाठ

मंडळी, प्रश्न एवढासाच आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. यंदा मंडळाच्या पोरांनी ठरवलं की डीजे नको, त्या पैशात दोन रात्री चौकात मोठा पडदा लावून सिनेमे दाखवू. निवडायचं काम माझ्याकडे आलं. पोरांनी यादी दिली, त्यात 'जोकर', 'भूल भुलैया', 'तेरे नाम' अशी नावं होती. यादी वाचत होतो तेव्हा समोर पडवीत आमचा दादा तूर निवडत बसला होता. तिथेच अडकलो.

दादा म्हणजे आत्याचा मुलगा. १९९२ साली जळगावला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. त्याला आवाज यायला लागले होते. हा उठला, हा पाणी प्यायला, हा आता रडेल, असं कोणीतरी दिवसभर त्याच्याविषयी बोलत राहायचं. गावाने 'बाहेरचं लागलं' म्हटलं. भगत झाला, सैलानीबाबाचा दर्गा झाला, एका महाराजांकडे दोन महिने ठेवून झालं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत यायला सहा वर्षं लागली.

१९९६चा गणपती. भाड्याचा व्हीसीआर, धोतराचा पडदा. कुठल्याशा हिंदी सिनेमात वेड्यांच्या इस्पितळाचा प्रसंग आला. डोक्यावर पातेलं घातलेला एक, झाडाला मिठी मारून बसलेला दुसरा, नर्सच्या मागे पळणारा तिसरा. मागून कोणी तरी ओरडलं, "ए दादा, देख ना, तू उना पडदावर!" अख्खा चौक हसला. दादा बसायला घरून गोणपाट घेऊन आला होता. तो उठला, गोणपाट झटकलं, चार घड्या घातल्या, बगलेत धरलं आणि घरी गेला. मी बारा वर्षांचा होतो. मीही हसलो होतो.

त्यानंतर तो कुठल्याही पडद्यासमोर बसलेला नाही. घरात टीव्ही लागला तरी उठून गोठ्यात जातो.

आता प्रश्न. दादा शेवटपर्यंत बसेल असा सिनेमा कोणता? आजारावरचाच हवा असं नाही. पण असला तर त्यातला आजारी माणूस माणसासारखा असावा.

केळीबाग_रावेर

'देवराई'. दुसरं नाव सुचत नाही.

प्रेक्षक_धुळेकर

लेख वाचून गलबललो, तरी एका गोष्टीवर वाद घालतो. 'जोकर'ला त्या यादीत बाकीच्यांबरोबर बसवू नका. २०१९चा तो सिनेमा माझ्या मते दुर्लक्षावरचा आहे, आजारावरचा नंतर. त्यातला नायक आर्थर आठवड्याला एका सरकारी कार्यालयात जाऊन बसतो, सात गोळ्या चालू असतात, आणखी मागतो. समोरची बाई फायलीत बघून तेच तेच प्रश्न विचारते. मग एक दिवस ती सांगते की पैसे कापले गेले, हे कार्यालय बंद होतंय, तुझ्यासारख्यांची कोणाला पडलेली नाही आणि माझ्यासारख्यांचीही नाही. तो विचारतो, आता गोळ्या कुठे मिळणार? उत्तर मिळत नाही. माझ्यासाठी सिनेमा तिथे आहे, पुढच्या गोळीबारात नाही.

आणि हे हवेतलं नाही. अमेरिकेत १९६३ साली केनेडींच्या काळात कायदा झाला, मोठी वेड्यांची इस्पितळं कमी करायची आणि वस्तीवस्तीत केंद्रं काढायची. इस्पितळं बंद झाली, केंद्रं पुरेशी निघाली नाहीत. माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात गेली.

परिचारिका_आक्का

धुळेकर, तुमचा तो प्रसंग मान्य. पण घरी जाताना प्रेक्षक काय घेऊन जातो? 'गोळ्या बंद झाल्या की हे लोक खून करतात.' तेवीस वर्षं वॉर्डात काढली. मार खाल्लेले, लुबाडलेले, घरातून हाकललेले रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले. कोणावर हात उचललेले बोटांवर मोजण्याइतके.

आणखी एक. त्याचं ते थांबवता न येणारं हसणं, त्यासाठी तो खिशात कार्ड घेऊन फिरतो. कार्डावर काय लिहिलंय तर मेंदूला इजा झाल्यावर किंवा मज्जासंस्थेच्या आजारात असं होऊ शकतं. पक्षाघातानंतर असं हसू किंवा रडू येणारे रुग्ण मी पाहिलेत. पंचायत होते हो त्यांची, मयतीत हसू येतं. सिनेमाने ते घेतलं, वर भास घातले, वर लहानपणचा छळ घातला, आणि सगळ्याची मिळून एक भीती तयार केली.

गिरणाकाठ, तुमच्या दादाला आता काय चालू आहे? गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

खापरावरची_पोळी

'जोकर' चौकात लावता येणारच नाही, 'अ' प्रमाणपत्र आहे. पुढच्या रांगेत बालवाडी बसलेली असते. वाद मिटला :)

गिरणाकाठ

आक्का, आधी गोळ्याच होत्या. आत्या भाकरीच्या काल्यात चुरून द्यायची, त्याला कळलं तेव्हा त्याने आठ दिवस आमच्या घरचं अन्न सोडलं. नंतर महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. हात थरथरतात म्हणून वेगळी गोळी. चहा बशीत ओतला की सांडतो, म्हणून त्याला कपातच अर्धा अर्धा देतो. आवाज पूर्ण गेले नाहीत. तो म्हणतो, "आता शेजारच्या घरात बोलत्यात, पहिले कानात बोलायचे."

धुळेकर, तुमचा मुद्दा मला पटतोय आणि तरी तो सिनेमा दादाच्या शेजारी बसून बघवणार नाही.

डॉ_पांझरा

मानसोपचारात एमडी करतोय, म्हणून दोन गोष्टी.

'शेजारच्या घरात बोलत्यात' हे वाक्य मी लिहून ठेवलं. सिनेमाची अडचण नेमकी इथे आहे. कॅमेऱ्याला आवाज दिसत नाही. त्यामुळे दिग्दर्शक भास झाला की माणूस उभा करतात. 'अ ब्युटिफुल माइंड' (२००१) बघा, गणितज्ञ जॉन नॅशना खोलीतला मित्र दिसतो, सरकारी माणूस दिसतो. खऱ्या नॅशना मुख्यतः आवाज ऐकू येत. सिनेमात ते नवीन औषधं घेत असल्याचा उल्लेख आहे, प्रत्यक्षात त्यांनी १९७०नंतर औषध घेतलं नाही. हे वाचून कृपया कोणी औषध बंद करू नका. नॅशच्या मागे त्यांची पत्नी आणि एक अख्खं विद्यापीठ उभं होतं, वेळीअवेळी ग्रंथालयात फिरू देणारं. आपल्याकडे तसं काही उभं नसतं.

दुसरं, शॉक. सिनेमात शॉक म्हणजे शिक्षा. १९७५च्या 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट'ने ते चित्र जगाच्या डोक्यात पक्कं बसवलं, आणि आपल्या हिंदीवाल्यांनी ते उचललं. प्रत्यक्षात आता भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, काही मिनिटांत उरकतं. भूल न देता शॉक द्यायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

पाटणादेवी

डॉक्टर, तुमचं वय कमी आहे म्हणून सांगते. १९८८ साली माझ्या काकूला भूल न देता शॉक दिलेले मी दाराच्या फटीतून पाहिलेत. चौघांनी धरलं होतं, तोंडात कापडाची गुंडाळी. कुठे ते सांगत नाही. तो सिनेमा तेव्हा खोटा नव्हता.

डॉ_पांझरा

पाटणादेवी ताई, खरं आहे. तेव्हा तसं चालायचं, आणि ते आम्ही लोक पुरेसं कबूल करत नाही. चूक झाली, 'आता' या शब्दावर जोर द्यायला हवा होता.

केळीबाग_रावेर

माझ्या आईला दिलेत शॉक, चार वर्षांपूर्वी, सहा. वादळात बाग आडवी झाली त्या साली. केळीचे घड लागलेली झाडं एका रात्रीत झोपली. वडील सावरले, आई नाही. जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या शॉकनंतर तिने वॉर्डातल्या मावशीला विचारलं, "कळण्याची भाकर आहे का?" मावशी सोलापूरची, तिला कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ हे माहीत नाही. मी जिन्यात बसून रडलो. काही महिन्यांचं आईला आठवत नाही, लहान बहिणीचा साखरपुडा आठवत नाही, त्याचं तिला वाईट वाटतं. पण ती आहे.

हे कोणत्या सिनेमात दाखवलंय सांगा.

खापरावरची_पोळी

कळण्याची भाकर, वर लसणाची चटणी... भाऊ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रेक्षक_धुळेकर

अवांतर: 'तेरे नाम' (२००३) आला तेव्हा धुळ्यात आग्रा रोडवरच्या न्हाव्यांकडे एकच कट चालायचा, मधोमध भांग आणि कपाळावर केस. आमच्या वर्गात अकरा पोरं तशी. सिनेमाचा उत्तरार्ध, नायक साखळदंडात आश्रमात पडलेला, कोणाच्या लक्षात नाही. केस लक्षात राहिले.

सातपुड्याची_लेक

धडगावच्या बाजूला काम करते, गावं पाड्यापाड्यांची आहेत. 'भूल भुलैया'बद्दल बोलायचंय, कारण त्याचा मला प्रत्यक्ष त्रास झालाय.

एक मुलगी, पहिलं बाळंतपण, बारावा-तेरावा दिवस. झोप उडाली, बाळ माझं नाही म्हणायला लागली, रात्री नदीकडे चालत जायची. बाळंतपणानंतर काही बायांना असा तीव्र आजार होतो, वेळेत औषध दिलं तर त्या चांगल्या बऱ्या होतात. पाड्यावर कुजबुज सुरू झाली, डाकीण. आमच्याकडे या शब्दाने बायकांचे जीव गेलेत, म्हणून मी धावले. तिच्या दिराला समजावत होते की हा आजार आहे, दवाखान्यात नेऊ. तो शिकलेला, बारावी झालेला. मला म्हणाला, "ताई, सिनेमात तर डॉक्टरनेच आचार्याची मदत घेतली. डॉक्टरला जमलं नाही म्हणूनच ना?"

मला उत्तर सुचेना. सिनेमा २००७चा, तोंडाने म्हणतो हा मनाचा आजार आहे. पण बरं कसं करतात? विक्रम गोखल्यांचे आचार्य, होमहवन, सूडाचं नाटक. दोन तास घाबरवायचं आणि शेवटी दोन मिनिटं विज्ञान. घरी जाताना माणूस दोन तास घेऊन जातो.

मुलगी दवाखान्यात पोचली. दीड महिन्याने बाळ कडेवर घेऊन मला भेटायला आली, मोहाची फुलं घेऊन. तिच्या सासूने अजून तिच्या हातचं पाणी घेतलेलं नाही.

जंक्शनवाला

भुसावळला रेल्वेत नोकरी. आमच्या इथे देशभरच्या गाड्या थांबतात, त्यामुळे देशभरची हरवलेली माणसं उतरतात. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत अंगावर तीन स्वेटर घातलेला माणूस बघितला की आम्ही समजतो.

एकजण फलाट संपतो तिथे आठ-नऊ महिने राहिला. पायाला जखम, जटा झालेल्या. कोणी वडापाव देई, कोणी लाथ. बोलायचा नाही. एकदा रात्रपाळीला मी चहा दिला तर कप उलटा धरून तळ वाचला आणि एकच शब्द बोलला. आमच्यातला एक ओडिशाचा गडी होता, तो म्हणाला, हे तर गावाचं नाव आहे. पुढे संस्थेच्या मदतीने तो घरी पोचला. घरच्यांनी सहा वर्षांपूर्वीच त्याचं श्राद्ध घातलं होतं.

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा पुनर्वसन संस्था हेच काम करते, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवायचं. १९८८पासून. त्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं. त्यांनी आणि पत्नीने एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना पाहिलं, तिथून सुरुवात झाली. तो तरुण शिकलेला निघाला.

आणि हे सगळ्यांना माहीत हवं: २०१७च्या कायद्याचं कलम १००. असा माणूस भटकताना दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नाही. आपण फोन करू शकतो. मी हे एका चौकीत सांगितलं तेव्हा समोरच्याने पहिल्यांदाच ऐकलं, पण ऐकल्यावर गाडी काढली.

सिनेमात रस्त्यावरचा वेडा असतो तो भविष्य सांगतो किंवा नायकाला खुनाचा धागा देतो. तो कोणाचा कोण, हे विचारत नाहीत.

डॉ_पांझरा

जंक्शनवाला, +१. हे कलम आमच्या परीक्षेतही येतं, रस्त्यावर मात्र क्वचित.

शिरपूरची_लेक

इथे सगळ्यांनी घरच्यांबद्दल चांगलं लिहिलंय, किंवा गावाला दोष दिलाय. मला एक सांगायचंय आणि कोणी मला बोलू नये.

आम्ही बांधलं होतं. माझ्या भावाला. सिनेमात साखळी दिसली की बांधणारा राक्षस असतो. आमच्या घरी बांधणारी माझी आई होती.

वडील गेलेले. शेत दीड एकर, बाकी मजुरी. घर हायवेला लागून. भाऊ उठला की ट्रकसमोर चालायचा, दोनदा वाचला. विहीर उघडी. कापूस वेचणीला आईला जावंच लागायचं, नाही गेली तर चूल बंद. मी सातवीत. तिने चऱ्हाटाने त्याचा पाय लिंबाला बांधला. पायाला आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, मग दोर. एक दिवस उजवा पाय, एक दिवस डावा, म्हणजे सालपट निघू नये. संध्याकाळी येऊन पहिल्यांदा दोर सोडायची, खोबरेल लावायची, मग स्वतः पाणी प्यायची. तीन हंगाम.

राज्यात सरकारी मनोरुग्णालयं कुठे, तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आमच्या खानदेशातून यातलं जवळ कोणतं सांगा. आई धुळ्यापलीकडे कधी गेली नव्हती.

सातपुड्याची_लेक

ताई, कोणी बोलणार नाही.

परिचारिका_आक्का

बाई गं. आईला माझा नमस्कार.

डॉ_पांझरा

ताई, ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एर्वाडीला, दर्ग्याच्या परिसरातल्या एका छपरात आग लागली. आतली माणसं साखळीने बांधलेली होती, २८ जण गेले. त्यांनाही घरच्यांनीच नेऊन ठेवलं होतं, बरं व्हावं म्हणूनच. आता कायद्याने कुठल्याही प्रकारे साखळी घालायला बंदी आहे, आणि ती हवीच. पण तुमच्या आईसमोर त्या वेळी दोर किंवा ट्रक एवढंच होतं. हे तिथपर्यंत आणून ठेवणाऱ्याला कोणी आरोपी करत नाही.

भाऊ आता कसे आहेत?

शिरपूरची_लेक

बरा आहे. गावात औषध मिळायला लागलं तेव्हा दोर सुटला. डेअरीवर दूध मोजतो, हिशोब चुकत नाही. लिंबाखाली मात्र बसत नाही, उन्हात उभा राहील.

प्रेक्षक_धुळेकर

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. वर 'सिनेमा तिथे आहे' वगैरे लिहिलं होतं. ताई, तुमच्या आईचा सिनेमा अजून कोणी केलेला नाही. दोर बांधणारी आणि रोज पाय बदलणारी एकच बाई, हे पडद्यावर मी पाहिलेलं नाही.

त्यातल्या त्यात 'देवराई' (२००४) जवळ जाते. अतुल कुलकर्णीचा शेष आजारी आहे, पण कॅमेरा सोनाली कुलकर्णीच्या बहिणीवरही तितकाच असतो. भाऊ घरात आणल्यावर तिचा संसार कसा ताणला जातो, ती कुठे चिडते, कुठे चुकते. 'खामोशी'त वहिदा रेहमानची नर्सही आठवते. रुग्णाला बरं करायला प्रेमाचं नाटक करायला लावतात आणि शेवटी तिलाच तिथे दाखल करावं लागतं. लोक त्यातली गाणी ऐकतात, तिची दमणूक बघत नाहीत.

परिचारिका_आक्का

नर्सच्या प्रेमाने रुग्ण बरा होतो, हे त्याच सिनेमांनी पसरवलं. लग्न करून द्या म्हणजे सुधारेल, हे त्याचं गावठी रूप. असली तीन लग्नं मी मोडलेली पाहिली, मुलीचं काय झालं कोणी विचारलं नाही.

पाटणादेवी

शब्दांचंही आहे. आमच्याकडे 'डिप्रेशन' कोणी म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'कसंतरीच व्हस', 'डोक्यात भुंगा फिरतो' म्हणतात. डॉक्टरकडे गेलं तरी छातीत धडधड सांगतात, इसीजी निघतो, नॉर्मल येतो, घरी. पुरुष तर तेही सांगत नाहीत, कापूस गेला, कर्ज अंगावर, आणि ओट्यावर गप्प बसून राहतात. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सिनेमाच्या आधी पडद्यावर तो लावा.

जंक्शनवाला

मूळ प्रश्न राहिला मंडळी. गणपती तोंडावर आलेत. कोणता लावायचा?

केळीबाग_रावेर

'देवराई' म्हणालो होतो, पण दादा समोर बसणार असतील तर शंका येते. शेषला इतकं जवळून बघणं त्यांना जड जाईल का? आक्का, सांगा.

परिचारिका_आक्का

जड जाऊ शकतं. आणि त्यांचा आजार तोच असल्याने चौकातली मान परत त्यांच्याकडेच वळेल. मी सुचवते 'अस्तु'. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित आहेत, स्मृतिभ्रंश झालेला. (आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यांचं बघणंच वेगळं.) रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागे चालत हरवतात. माहुताची बायको त्यांना सांभाळते. तिची भाषा वेगळी, घरात काही नाही, तरी सांभाळते. अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हत्ती आहे म्हणजे पोरं बसतील. म्हातारपण आहे म्हणजे म्हातारे बसतील.

प्रेक्षक_धुळेकर

उत्तम. मला 'कासव' सुचत होता, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचाच, २०१७ साली सुवर्णकमळ मिळालेला. जीव द्यायला निघालेल्या मुलाला एक बाई घरी आणते आणि 'नाव काय, घर कुठे' विचारत बसत नाही. पण चौकात तो फार शांत पडेल. 'अस्तु'च लावा. जाहीर दाखवायची परवानगी मात्र रीतसर घ्या.

खापरावरची_पोळी

आणि निकाल कळवा. आम्ही इथे बसून आहोत, गोणपाट टाकून.

गिरणाकाठ (महिनाभराने)

उशीर झाला, कापसाला फवारणी चालू होती.

परवानगी मागितली, मिळाली. पहिल्या रात्री 'अस्तु' लावला. सुरुवातीला १४४१६ची पाटी दाखवली, पाटणादेवी ताई, तुमच्या त्या तीन वाक्यांसकट. 'जीव लागत नाही' वाचून पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

दादाला मी 'चल' म्हटलं नाही. म्हटलं, हत्तीचा सिनेमा आहे, मी चाललो. साडेआठला बघतो तर सगळ्यात मागे, विठ्ठल मंदिराच्या पायरीजवळ, गोणपाट टाकून बसलेला.

अर्ध्यात लाईट गेली. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं आता उठणार. अंधारात पोरांचा गलका. माझ्या चुलतभावाची सहा वर्षांची पोरगी दादाच्या शेजारी जाऊन बसली होती, तिचा आवाज ऐकू आला, "दादा, हत्ती गेला?" दादा म्हणाला, "जात नाही. लाईट आली की येतो." वीस मिनिटं गेली. लाईट आली, हत्ती आला, दादा तिथेच होता. पोरगी त्याच्या मांडीवर झोपली होती, म्हणून असेल किंवा नसेल, तो पाटी पडेपर्यंत हलला नाही.

१९९६ला जो ओरडला होता तो आता मंडळाचा खजिनदार आहे. त्याने खुर्च्या उचलताना दादाचं गोणपाट झटकून, घडी करून दिलं. बोलला काही नाही. त्याला आठवत असेल का, मी विचारलं नाही.

सकाळी दादा तूर निवडत होता. मी चहा अर्धा कप दिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्या बाईने त्याला पहिले जेवू घातलं." मग पुन्हा तुरीतले खडे.

शिरपूरच्या ताई, तुमच्या आईबद्दल मी आत्याला वाचून दाखवलं. तिने पायाच्या पट्टीपर्यंत ऐकलं आणि उठून आत गेली. आम्हीही एकदा बांधलं होतं, मला माहीत नव्हतं.

शिरपूरची_लेक

आत्याबाईंना सांगा, माझी आई येऊन भेटेल म्हणते. भडगावपर्यंत एसटी आहे ना सरळ?

गिरणाकाठ

शिरपूरहून धुळ्याला या, मी धुळ्याला गाडी घेऊन येतो. मंडळाची पोरं पुढच्या वर्षीचं आत्ताच विचारतायत. मी 'कासव' म्हटलं. दादा म्हणतो, हत्तीचाच परत लावता येत नाही का?